चौथी दीर्घिका अंजनाबाईच्या नावे

मी गुलाब लक्ष्मण दहिवले, वय ७२, सेवानिवृत्त फिटर, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो.

१. घर व बँकेतील ठेव पत्नी अंजनाबाई हिला. तिच्यामागे मुलगा अश्विन याला.

२. ग्राइंडर, पाने व इतर हत्यारे अश्विनला. त्याने माझ्या दुर्बिणीला दोनदा भंगार म्हटले आहे. ते माफ.

३. शेजारी डोमाभाऊंनी अंगणातला फोकस लाईट हातापाया पडूनही कधी बंद केला नाही. तो राग मी सोबत नेतो, वारसांनी पुढे चालवू नये.

४. सोळा इंची दुर्बीण अंजनाबाईला. तिचा आरसा मी चौदा महिने हाताने घासला आहे. पदराने पुसू नये. धूळ चालते, ओरखडा चालत नाही.

५. आता खरे ते. आठ वर्षांपूर्वी कार्तिक अमावस्येला आम्ही एटापल्लीकडे, मित्र लालसू पुंगाटीच्या वावरात दुर्बीण लावली. काय ते आकाश, बापा! एका मोठ्या दीर्घिकेच्या, म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या आकाशगंगेच्या बाजूला मला तीन फिकट दीर्घिका दिसल्या. अंजना डोळा लावून म्हणाली, "चार हायेत जी. थे चौथी पाहा, धानाच्या पुंजण्यावर धुकं पडल्यावानी."

तो उजेड तिथून निघाला तीस कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीवर एक फूलसुद्धा उमलले नव्हते. आणि येऊन पोचला कुठे, तर सातवी शिकलेल्या माझ्या बायकोच्या डोळ्यात! लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

मी दोन तास पाहिले. मला चौथी दिसली नाही. तरी वहीत लिहिले, "चार पाहिल्या, गु. ल. दहिवले." नागपूरच्या एका खगोल मंडळाने त्याबद्दल मला शाल दिली. ती घेऊन नागपूरहून परतताना बसमध्ये अंजनाने विचारले, "तुमाले दिसली ना चौथी?" मी हो म्हणालो. तिचा चेहरा असा खुलला! म्हणाली, "बरं झालं. मले एकटीलेच दिसली असती, तं सांगाचं कोणाले?"

वहीतले माझे नाव खोडून तिचे लिहावे. शाल तिची. तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. माझ्या माघारी साक्षीदार संघप्रियाबाईंनी हे कलम तिला वाचून दाखवावे.

६. (सहीपूर्वी वाढवले.) साक्षीदारांना वरील मजकूर वाचून दाखवताना अंजना दाराशी उभी होती, मला कळले नाही. ती आत आली. मग म्हणाली, "मराले कायले थांबता जी? येत्या आवसेले चला वावरात. डोळा कुठी ठेवाचा, थे मी सांगतो."

सबब कलम ५ मधील वाचून दाखवण्याची सूचना रद्द. बाकी मजकूर कायम.

सही: गुलाब लक्ष्मण दहिवले

साक्षीदार:
१. संघप्रिया मेश्राम, शिक्षिका
२. लालसू पुंगाटी, शेती

सिंदेवाही, ३ ऑक्टोबर २०२५