दम न लागणारा आवाज

प्रिय शेखर,

उद्या सकाळी गुड्डू येणार आहे. त्याला हो की नाही ते सांगायचंय आणि मला भीती वाटतेय. तू गेल्यावर मी रडले, चिडले, तुझ्या नावानं बोटंसुद्धा मोडली. पण अशी भीती कधी वाटली नव्हती. म्हणून तुलाच लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणतील, नवऱ्याचा आवाज ऐकून कुणी घाबरतं का!

घाबरतं. मी घाबरले.

तू अर्धा सोडून गेलास ना, तो पाचवा अल्बम पुरा करायचं गुड्डूनं मनावर घेतलंय. त्याचे ड्रम तू गेल्यापासून धूळ खात पडले होते. आता तुमच्या ‘भुरका’ बँडचे उरलेले तिघं पुन्हा एकत्र बसतात. हल्ली कॉम्प्युटरवर माणसाचा आवाज बनवता येतो, तो प्रकार त्यानं कुठूनसा शिकून घेतला. मशीनला तुझी गाणी ऐकवायची, मग आपण जे लिहू ते ती तुझ्या आवाजात म्हणते. पण तुझ्या कोणत्या आवाजात? गुड्डूनं हे तुमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर विचारलं. सगळे भुरकेबाज एका सुरात म्हणाले, ‘चटका’वाला!

हसलास ना? तू होतास तेव्हा तरी दुसरं काय म्हणत होते ते! ‘चटका’ आणि ‘कूलर बंद’ हे दोन अल्बम म्हणजे त्यांचा देव. गुड्डूच्या बाबांच्या गांधीबागेतल्या गोदामात, कापडाच्या ताग्यांच्या मधोमध उभा राहून तू ते गायलास. काय ओरडायचास रे! त्या गाण्यांपायी इथून सावनेरपर्यंतच्या पोट्ट्यांचे घसे बसले होते म्हणे.

मग तुझ्या घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आणि ‘सावली’ आला, ‘हळू बोल’ आला. ते काही त्यांना पचले नाहीत. “भाऊ, आता अंगाई म्हणून राहिला का?” आणि तो एक, “बायको आली अन् बँड गेला.” तू हे सगळं चहा पिताना मला मोठ्यानं वाचून दाखवायचास आणि ठसका लागेपर्यंत हसायचास. मीही हसायची. पण मला ते लागायचं, शेखर. आज सांगते.

त्यांना कुठे ठाऊक होतं की बायको व्हायच्या आधी मी तुझी स्पीच थेरपिस्ट होते! पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसलास तेव्हा ‘आई’ म्हणतानासुद्धा तुझा आवाज मध्येच तुटला होता. श्वास कसा घ्यायचा, कसा पुरवायचा, हे तू लहान मुलासारखं पहिल्यापासून शिकलास. लांब ओळ तुला पेलत नव्हती, म्हणून तू छोट्या ओळी लिहायला लागलास. लोकांना वाटलं, गडी थंडावला. अरे, त्या ओळी तुझ्या दमाच्या मापानं कापलेल्या होत्या! रेकॉर्डिंगला मी तुझ्यामागे उभी राहायची आणि श्वासाची जागा आली की पाठीवर बोट टेकवायची. त्या दोन्ही अल्बममधल्या कोणत्या ओळीत कुठे श्वास आहे, हे मला आजही झोपेतून उठवून विचार.

पण तू कुणाला सांगितलं नाहीस. “लोकायले गाणं आयकवायचं, रिपोर्ट नाही,” म्हणालास. काहून नाही सांगितलंस रे? तेव्हा बोलला असतास तर आज त्यांनी वेगळं काही मागितलं असतं का? मला माहीत नाही. पण तुझ्या त्या ऐटीचा आज मला राग येतोय.

गेल्या रविवारी गुड्डू मनीषनगरला घरी आला. तुझ्याच खुर्चीत बसला. “वहिनी, घाबरू नका, एकदा आयकून त पाहा,” म्हणाला आणि त्यानं लावलं.

तू होतास. बावीस वर्षांचा. आवाज असा तापलेला, लख्ख! गाणं सुरू झालं आणि माझं बोट आपोआप मांडीवर आलं, श्वासाच्या जागेची वाट बघत. जागा आली आणि गेली. आवाज थांबलाच नाही. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली, आणि तो गातोय आपला, गातोय. छातीत दुखायला लागलं तेव्हा मला कळलं की मीच श्वास धरून बसलेय. “बंद कर, गुड्डू,” मी ओरडले.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाल्या, “शेखर? आला का गा?”

हात कणकेचे तसेच. चेहऱ्यावर काय होतं ते मी तुला सांगू शकत नाही. गुड्डू तर ढसाढसा रडला. बिचारा वाईट नाही रे तो, त्याला तू परत हवा आहेस, एवढंच. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं आईंच्या फोनवर एक वाक्य घालून दिलं, त्याच आवाजात. “आई, मी बरा आहो. तू जेवली का वं?”

आता आई जेवायला बसल्या की फोन ताटाशेजारी ठेवतात आणि ते वाक्य लावतात. मग त्याला उत्तर देतात. “जेवून राहिली बाप्पा. तू बी जेव.” मी समोर बसलेली असते.

“मी बरा आहो” हे तू शेवटी शेवटी रोज म्हणायचास, त्या फाटक्या आवाजात. ते खोटं असायचं, मला कळायचं आणि मी चालवून घ्यायची. पण खोटं तुझं होतं! आता तेच खोटं कुणी दुसराच बोलतोय, तुझा गळा लावून.

आणि खरी भीती पुढेच आहे. गुड्डूनं ती सोय माझ्याही फोनवर करून ठेवली होती. मंगळवारी दुपारी आई झोपल्या होत्या, आणि मी लिहिलं, “वैशाली, मी इथेच आहे.” बटण दाबलं.

शेखर, त्या आवाजानं माझं नाव कधीच घेतलं नव्हतं. तुझ्याकडे तो आवाज होता तेव्हा मी तुझ्या आयुष्यात नव्हते. कोण होता तो मुलगा, इतक्या मायेनं मला हाक मारणारा? फोन फेकून द्यायला हवा होता ना? मी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. आणि जेव्हा आठवायला गेले की तू मला ‘वैशे’ कसं म्हणायचास, तेव्हा काही केल्या आठवेना! तुझा खरा आवाज जागेवर नव्हताच. धावत जाऊन ‘हळू बोल’ लावला तेव्हा कुठे तू खरखरत परत आलास.

या वेळी आलास. पण तो अल्बम निघाला, टपरीटपरीवर वाजायला लागला, तर? सगळे खूश होतील, आपला जुना भाऊ परत आला म्हणून. आणि तुझी-माझी वर्षं म्हणजे मधला एक आजारी काळ, विसरून जाण्यासारखा. मी ती वर्षं कुठे शोधायची रे?

पण नाही म्हणू तरी कशी? भुरकेबाजांचं मला काही नाही. आईंचं काय? त्यांनी तुझे नंतरचे अल्बम एकदाही ऐकले नाहीत. मी लावले की त्या बाल्कनीत निघून जायच्या. मला वाटायचं, त्यांनाही माझाच राग आहे, बायको आली अन् बँड गेला. आता मी तो फोनमधला पोरगाही काढून घ्यायचा? त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा न्यायचा?

आज दुपारी त्या मेथी निवडत होत्या. मी शेजारी जाऊन बसले. म्हटलं, “आई, तो शेखर नाही.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “मले मालूम आहे वं. ह्याले दम लागत नाही. माह्या पोराले लागे. मी पलीकडच्या खोलीतून आयकत राहो.”

“मंग काहून लावता?”

“ह्याले दुखत नाही म्हणून.”

मीही मेथीची एक जुडी पुढे ओढली. मग मी विचारलं, तुझं त्या पाचव्या अल्बममधलं अर्धं राहिलेलं गाणं लावू का? त्या हो म्हणाल्या नाहीत. पण बाल्कनीतही गेल्या नाहीत.

लावलं. तू गातोस, मध्येच अडखळतोस, खोकतोस. मग तो तुझा थकलेला आवाज, “थांब वैशे, जरा बसू दे.” आणि पुढे काही नाही. आईंनी तोंडावर पदर धरला होता. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मलाच चार शब्द सुनावतील. किती घाबरले होते मी त्या क्षणी! पण त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, जणू आजच पहिल्यांदा दिसले मी त्यांना.

“एवढं दुखे त्याले. अन् तू हे रोज आयकत होती?”

“हो, आई.”

“एकटीच?”

त्यांनी मेथीची परात बाजूला सरकवली, मला जवळ ओढलं आणि त्या म्हणाल्या, “लाव पुन्हा. मी बसतो तुह्यासंगं.”

तर शेखर, उद्या मी गुड्डूला नाही म्हणणार आहे. रडेल तो, त्याला पोहे खाऊ घालीन. तुझं गाणं जिथे तू थांबलास तिथेच थांबेल आणि तसंच अर्धं लोकांपुढे जाईल. भुरकेबाजांनी शिव्या घातल्या तर मी आणि आई मिळून खाऊ. आईंच्या फोनवरचं ते वाक्य मात्र मी पुसणार नाही. ते ठेवायचं की नाही, हे त्यांचं त्या ठरवतील.

भीती गेलेली नाही. एखाद्या दुपारी तुझा आवाज पुन्हा आठवेनासा होईल, हे मला माहीत आहे. पण एक वचन देते. मी असेपर्यंत तू न बोललेला एक शब्दही तुझ्या आवाजात जगापुढे जाणार नाही. आणि तुझं दुखणं यापुढे आम्ही दोघी मिळून ऐकू.

तुझीच,
वैशे