शिरस्त्राणाच्या मिशा

जनवाडा, १९५२
शुक्रवार, संध्याकाळ

विहीर खणताना सापडलेले शिरस्त्राणाचे तुकडे माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, बिदरहून जोडून आणले. उद्या संग्रहालयाचे साहेब बघायला येणार. पण तुकड्यांत तर नुसता माथा होता. मग हे तोंड कुठून आलं? आणि त्यावर मिशा?

माझं शाळेतलं इंग्रजी मासिक काढून पाहिलं. विलायतेतल्या जुन्या सॅक्सन राजाचं, तुकड्यांवरून उभं केलेलं शिरस्त्राण. ह्याच मिशा! आणि आमच्या शिरस्त्राणावरच्या तर, बिदरचे कारागीर किल्ल्याची माती लावून काळा करतात त्या नव्या हुक्क्यासारख्या एकसारख्या काळ्या. जुनं लोखंड असं दिसतं का?

"अण्णा, ह्या मिशा कुठल्या?"

"विहिरीतल्याच की. कामून विचारायलीस? चार बुकं शिकून घरातच पोलीस झालीस व्हय?"

आमचे वडील, अप्पा, मात्र खुशीत हसले. "आमच्या पणज्याच्या मिशा अशाच व्हत्या, बाई."

साहेबांसाठी इंग्रजी माहिती मीच लिहायची, कारण घरात दुसऱ्या कुणाला इंग्रजी येत नाही. खाली सही माझी. अप्पांचं ते हसू आठवतं, तरी खोटं लिहवेना. लिहिलं: माथा विहिरीतला, मिशा यंदाच्या.

"काय लिहिलीस?" अण्णाने विचारलं.

"सगळं," मी म्हणाले.

तो समाधानाने जेवायला गेला. आता मला जेवण जात नाही.