मेंढरं आत घ्यायचा गेम

सोम. १२ जाने.
हिंगोलीच्या ऑफिसातल्या मॅडमनी अंगणवाडीला काम्प्युटर दिला. जुना हाय, चालतो. खिचडी माझ्याकडं, झाडणं माझ्याकडं, आता ह्याची धूळ पण माझ्याकडंच. सेविका शोभाताईनं गेम लावले. पहिलाच बंदुकीचा. मी म्हणले, चार वरसाच्या लेकराला बंदूक काहून? काढला. मोटारीचा लावला तर पोरं माऊससाठी एकमेकाचे केस उपटून राहिली. तो पण बंद.

मंगळ. १३
मेंढ्याचा गेम सापडला. मीच म्हणले, हाच लावा, आपल्या घरातला हाय. घड्याळ संपायच्या आत मेंढरं कुंपणात घ्यायची. राहिलं ते लांडगा नेतो. माझ्या नातीला, गंगीला, पुढं बसवलं. मेंढक्याची पोर, तिला न्हाई तर कोणाला येणार. एक मेंढरू राहिलं. लांडग्यानं उचललं. पोरं हसली. गंगी खुर्चीतच मुतली.
धपाटा घातला तिला. उगीच.

गुरु. १५
काल संक्रांत, सुट्टी. आज गंगी आली न्हाई. बापाला मेंढरं सोडू देईना. दारात आडवी पडली. माझा ल्योक बाळू माझ्यावरच वरडला, "माय, काय दाखवलंस लेकराला? दिवाळीत तिच्या डोळ्यासमोर लांडग्यानं कोकरू नेलं, इसरलीस व्हय?"
इसरले होते.

शुक्र. १६
शोभाताईला म्हणले, तो गेम काढा.
"मावशी, मॅडमला तोच आवडलाय. इथल्या लेकरांच्या वळखीचा हाय, फोनवर म्हणल्या. सोमवारी बघायला येणार."
वळखीचा हाय म्हणूनच काढा की! ऐकंना. मग मीच बसले खुर्चीत. एकेक गेम खेळून बघितला. हरल्यावर भोंगा वाजवणारे बाद. इंग्रजीत वरडणारे बाद.
"मावशी, खिचडी लागली खाली!"
लागू दे. शेवटाला रंगाचा एक सापडला. घड्याळ न्हाई, हार न्हाई.

शनि. १७
गंगीला कडेवर घालून आणली, लाथा मारत होती. बाकीची पोरं यायच्या आधी. रंगाचा लावला. लई वेळ नुसती बघत बसली. मग माऊस धरला. पांढरे ठिपके काढले. मग सगळा पडदा काळा करून टाकला. मला वाटलं बिघडवलं.
"काय केलंस गं?"
"रात झाली. मेंढरं जाळीच्या कुंपणात बसली."
"दिसून तर न्हाई राहिली."
"लांडग्याला पण न्हाई दिसत."

सोम. १९
सकाळीच शोभाताईचा फोन. मॅडम अकराला येणार. मेंढ्याचाच लावायचा, गंगीला पुढं बसवायचं, मेंढक्याची पोर म्हणून फोटो काढायचा. म्हणले, न्हाई बसणार. "मावशी, तुमची तकलीफ वाढंल बरं." वाढू दे. मदतनीस काय, दुसरी मिळंल त्यांना. मला पण हळद काढायला कोणीबी बोलावतं.
गंगी चप्पल घालून दारात हुबी. कोणी न सांगता.
"आजी, काळा रंग हाय ना आज?"
हाय म्हणले.
माऊस शनिवारीच काढून आणलाय, पिशवीत हाय. रंगाचा लावला तर देते. न्हाई तर मॅडमलाच मागू दे माझ्याकडं.
निघाले.