मिश्रीचं सांगायचं राहिलं

आई, तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तू भिवपुरीजवळच्या आपल्या घरात, मी कर्जतला. शिवाय तुला वाचता येत नव्हतं. तरी लिहिते आहे.

मी शिकवते त्या कॉलेजात सध्या नवीन काम सुरू झालंय. मुंबईचं एक विद्यापीठ आणि परदेशातलं एक, दोन्ही मिळून कर्करोगाचा अभ्यास करणार आहेत आणि आमच्या मुलामुलींनाही त्यात शिकवणार आहेत. जुन्या रुग्णांचे नमुने वापरायला नातेवाइकांची संमती लागते, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांची एक तरुण डॉक्टर मला भेटायला आली होती. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या गालातून तपासायला काढलेला तुकडा मेणात बसवून अजून जपून ठेवलाय म्हणे. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईंची केस आमच्यासाठी महत्त्वाची आहे. तंबाखू नाही, तरी तोंडाचा कर्करोग. अशा बायका कमी सापडतात." मी मान हलवली आणि संमतीचा कागद पर्समध्ये ठेवला.

अजून डोळ्यांपुढे येतं, दुपारची जेवणं झालीत. तू चुलीवर तो कड तुटलेला तवा ठेवतेस आणि त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतेस. घरभर ठसका. मी पुस्तक घेऊन दारात जाते, तर तू म्हणतेस, "नाक कशाला मुरडतेस गं? दात बघ माझे. तुझ्या बाईंचे तरी हायत का असे?" मग ती कुटून, फडक्यातून गाळून डबीत भरतेस, की झाली मिश्री. आपल्या आळीत मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नव्हतं. तंबाखू पुरुष खायचे, बायका दात घासायच्या. गाल आतून पांढरा पडला तेव्हा तू जास्तच लावायला लागलीस, कारण तिने ठणका कमी व्हायचा. मला नोकरी लागली तेव्हा घट्ट झाकणाची स्टीलची डबी तुला मीच आणून दिली होती. जीवशास्त्र शिकवणाऱ्या मुलीने. तू ती आळीभर दाखवलीस.

हॉस्पिटलात केसपेपर लिहिताना डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू, दारू, काही व्यसन?" मी काय शिकवते ते त्यांना नुकतंच सांगून झालं होतं. मी म्हणाले, "नाही." भावाला नंतर सांगितलं, की आईनेच सांगू नको म्हटलं. तो म्हणाला, "तिला दातांचा तोराच भारी." पुढे कुणी विचारलं नाही.

आज त्या डॉक्टरला फोन केला. म्हटलं, आई मिश्री लावायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. ती म्हणाली, "मग त्यांचा नमुना दुसऱ्या गटात जाईल, मॅडम. तिथे खूप बायका आहेत. पण मुलांना शिकवायला उपयोग होईल." मी हो म्हटलं. तिने सहज विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आईला लाज वाटत होती," मी म्हणाले.

संमतीचा कागद उद्या जाईल. हे पत्र घरीच राहील, तुझ्या डबीखाली. त्या दिवशी केसपेपरच्या टेबलापाशी तुझं तोंड धड उघडत नव्हतं. तरी माझा पदर ओढून तू दोनदा म्हणालीस, "मिश्रीचं सांग की गं त्यांना." मी ऐकलं होतं, आई.