अप्पांचे कान आणि गाडीचा धूर

ता. ९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. वाकून करायचा राहिला, कारण कंबर धरली आहे. दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसल्यावर दुसरं काय होणार? बाकी इकडे सगळं ठीक, आणि या वेळचं ‘ठीक’ खरंखुरं आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. आता वाच गुपचूप.

आधी मुद्द्याचं. रविवारी तू येणार, अप्पांना त्या वृद्धाश्रमात सोडणार आणि गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणार, असं आपलं ठरलं होतं. तू जरूर ये. पण अप्पा कुठेही जाणार नाहीत. भुवया चढवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

गिऱ्हाइकाची अट तुला ठाऊकच आहे. गाडी कितीही जुनी असू दे, धूर ओकता कामा नये. म्हणून गेल्या महिन्यात मी गॅरेजवाल्याला बोलावलं. आपल्या जुन्या मेकॅनिकचा जावई हा. सासऱ्याचं कसब किती उचललंय देव जाणे, तोंड मात्र पुरेपूर उचललंय! “ताई, कार्बोरेटर आणि सायलेन्सर असा करून देतो की बनवणारे ओळखणार नाहीत,” अशी ऐट मारत तो गाडी घेऊन गेला. थंडी होती, काचा गच्च बंद. पोचल्यावर त्याचा फोन. “ताई, डोकं फुटायची पाळी आलीय. रस्त्यात उतरून ओकलो मी. ही गाडी आहे की भट्टी?”

मला हसू आलं. म्हटलं, मोठा आला मेकॅनिक, धुराने आडवा होतोय. फोन ठेवला आणि कापड कापायला बसले. तेवढ्यावर माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला असेल असं समजू नकोस.

गाडी तिकडे अडकून पडली. जुन्या गाड्यांचे भाग मिळतात कुठे? धूर गळू नये म्हणून पाइपाच्या सांध्यात बसतं ते गॅस्केट तर त्याला हाताने कापून बनवावं लागलं. आणि इकडे अप्पा हळूहळू बदलायला लागले. रोज सकाळी “डोकं दुखतंय” म्हणून कपाळाला पट्टी बांधायचे, ती खुंटीवर लटकून राहिली. चष्मा त्यांचा त्यांनी शोधला. एकदा माझ्यामागे येऊन उभे राहिले नि म्हणाले, “कॉलर उलटी लावतेयस.” दादा, खरंच उलटी लावत होते मी! कॉलर उसवायची सोडून मी त्यांच्या तोंडाकडेच बघत बसले.

मग डोकं चालवलं. गेलं वर्षभर अप्पांचं काय काय बिघडलं, ते तुला माहीत आहे. तारखा विसरणं, गॅस चालू ठेवणं, घराकडे येताना वाट चुकणं. डॉक्टर म्हणाले वय झालं, आपणही मान डोलावली. पण हे सुरू कधी झालं? आई गेल्यावर नाही. शेजारच्या बाईंनी धुराची तक्रार केली तेव्हा. आई गेल्यापासून अप्पा रोज सकाळी शेडमध्ये जाऊन, गाडी चालू करून आत बसायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं म्हणतात. आईच्या सीटवर हात ठेवून बसायचे, ते म्हणत नाहीत. बाईंनी तक्रार केल्यावर आपल्या भल्या माणसाने काय केलं असेल? कुणाला त्रास नको म्हणून शेडचं दार आतून ओढून घेतलं. मला वाटायचं, बरं झालं, तेवढा वेळ तरी ते एका जागी आहेत.

अप्पांना घेऊन गॅरेजात गेले. कार्बोरेटर टेबलावर खोलून ठेवलेला, आत काळा चिकटा. “पेट्रोल भसाभसा, हवा नावाला,” तो म्हणाला. “मग धूर होईल नाहीतर काय? आणि हा धूर मागेपर्यंत पोचतच नव्हता.” त्याने खाली वाकून दाखवलं. इंजिनाचा धूर पाइपात शिरतो तिथलं गॅस्केट जळालेलं, पाइप गंजून फाटलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाखालची सतरंजी उचलली तर पत्र्याला हात जाईल एवढं भोक. ती सतरंजी अप्पांनीच टाकलेली, पायाला गार लागतं म्हणून.

“आणि हा हवेचा स्क्रू कोणी फिरवला?” गॅरेजवाल्याने विचारलं.

“मी,” अप्पा छाती काढून म्हणाले. “कानाने लावलाय. आयुष्यभर कानानेच लावत आलोय.”

गॅरेजवाल्याने कार्बोरेटर परत बसवला, सायलेन्सर मात्र अजून काढलेलाच होता, आणि तशीच गाडी चालू केली. अरे देवा! असा आवाज की गल्लीतली कुत्री भुंकत सुटली, समोरची बाई मुलाला उचलून घरात पळाली. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. आणि अप्पा? बॉनेटवर हात ठेवून, मान जरा तिरकी करून म्हणाले, “बघ, किती शांत चालतेय.”

मी आणि गॅरेजवाला एकमेकांकडे बघत राहिलो. डोकं नव्हतं रे गेलेलं, कान गेले होते! इंजीन बंद पडतंय असं वाटून हा माणूस रोज थोडं थोडं पेट्रोल वाढवत होता आणि बंद शेडमध्ये बसून धूर पीत होता. तिथेच एका टायरवर बसून मी हसले की रडले, मला सांगता यायचं नाही. अप्पा सारखे विचारत होते, “काय झालं? काय झालं?”

डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्यावरच खेकसले, “हे आधी का नाही बोललात?” मी म्हटलं, “तुम्ही विचारलंत कुठे?” या धुरातला विषारी वायू मेंदूला भोवतो म्हणून त्यांनी अप्पांना धुरापासून लांब ठेवायला सांगितलं आणि काल पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. वयाचा विसराळूपणा थोडा राहील म्हणाले, पण आपण घाबरलो होतो तो आजार नाही. खात्री होईपर्यंत तुला कळवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तुला आशा लावायची आणि मग तोंडघशी पाडायचं, ते मला झेपलं नसतं.

आता एक गोष्ट, जी मी फोनवर कधीच सांगितली नाही. गेल्या कित्येक पत्रांखाली मी नुसतं ‘तुझी बहीण’ लिहीत होते. तू विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. अप्पांनी मला नावाने हाक मारणं बंद केलं होतं. “अगं, ऐकलंस का?” म्हणायचे. आईला म्हणायचे तसं. पहिल्यांदा मी म्हटलं, अप्पा, मी आहे. त्यांचा चेहरा असा पडला, की त्यानंतर मी निमूट “ओ” द्यायला लागले. रोज. एकदा विचारलं, “ठकी आली का शाळेतून?” मी म्हटलं, “येईल हं इतक्यात.” आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. वृद्धाश्रमाला मी हो म्हटलं ते अप्पांना कंटाळून नव्हे, दादा. मला आणखी आई होववत नव्हतं.

गाडी गेल्यावर ते “अगं, ऐकलंस का” थांबलं. पण माझं नावही येईना. मी वाट बघत राहिले.

आज सकाळी कानाचं यंत्र बसवून आणलं. आधी नको नको चाललं होतं. गॅरेजवाला म्हणाला, “यंत्र घालून या, मगच स्क्रूला हात लावू देईन,” तेव्हा कुठे तयार झाले. तिकडून थेट गॅरेजात. कार्बोरेटर स्वच्छ, पाइप नवा, पायाखाली नवा पत्रा. अप्पांनी कान देऊन ऐकलं, स्क्रू अगदी नखभर फिरवला आणि म्हणाले, “आता बरोबर.” गॅरेजवाल्याला त्यात सुधारणा करायला काही सापडलं नाही, म्हणून तो हिरमुसला.

घरी आल्यावर मी मशीनवर बसले. अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी पायडल मारलं आणि तिकडून ओरडणं आलं,

“ठके! त्या मशीनला तेल घाल! केवढं कोकलतंय ते!”

तेलाची कुपी शोधायला मला बराच वेळ लागला. डोळ्यांना काही दिसतच नव्हतं.

तर गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव, वृद्धाश्रमालाही. रविवारी स्टेशनवर गाडी घेऊन मी येईन. काचा उघड्या असतील, स्वेटर घाल. अप्पा शेजारी बसून मला गिअर शिकवतील, तू मागे बसून गप्प ऐक. मला सारखी हाक मारतील, तेव्हा हसू नकोस.

तुझी,
ठकी