बाई म्हणतात, आजोबा म्हणतात

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खिडकीत बसून सहावीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणत होतो. तिसऱ्या कडव्यात अडकलो. पूर्वी अडकलो की तू स्वयंपाकघरातून पुढची ओळ ओरडायचीस. आता समोर नुसती भिंत, आणि तिला कविता येत नाही.

तू जेवतेस, झोपतेस, बोटाला बसलेला चिमटा बरा झाला, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण विद्यापीठाचं तू चकार शब्दानं लिहिलं नाहीस. शाळा संपली तेव्हा तू म्हणालीस की साहित्याच्या वर्गातली जागा वर्षभर राखून ठेवू या, तोवर मी हातानं काहीतरी शिकते. मी मान हलवली. त्या चाकवाल्या बाईंकडे सायकलची चाकं बांधायला शिकणार म्हणालीस, तेव्हाही हलवली. मनात म्हटलं, नखं काळी झाली की येईल आपोआप परत. आता मेअखेर होकार कळवायचा आहे. नाही कळवला तर जागा दुसऱ्याच्या पदरात.

तुला ठाऊक आहे, शाळा संपताच वडिलांनी मला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चिकटवलं. कामावर जाताना विद्यापीठाचं कुंपण लागे. आत कुणी कविता मोठ्यानं वाचत असलं की मी पायडल मारायला विसरत असे. त्या खिडकीच्या आतून बाहेर बघणारं आपल्या घरातलं कुणी असावं, एवढीच माझी हाव. तुझी आई म्हणते, पोरीला तिचं ठरवू द्या. पण ती माझीच मुलगी, त्यामुळे तिचं मी ऐकत नाही.

पोस्टमनच्या घंटीला कान लावून बसलेला,
तुझा आजोबा


२५ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न.

रागावू नका. विद्यापीठाचं लिहिलं नाही, कारण अजून लिहिण्यासारखं काही ठरलं नाही. इथलं मात्र लिहिण्यासारखं रोज काहीतरी असतं.

माझी खोली बेकरीच्या वर आहे. सकाळी उठते तेव्हा जमीन भट्टीनं कोमट झालेली असते. कारखाना गल्लीच्या टोकाला, बाईंच्या घराच्या मागच्या खोलीत. छताच्या आकड्यांना रिमा टांगलेल्या, एखाद्या राक्षसिणीच्या बांगड्या वाळत घातल्यासारख्या. रेडिओ आहे, पण त्यावर फडकं. बाई म्हणतात, कान रिकामा असल्याशिवाय चाक बांधता येत नाही. चाकाच्या तारा जोडीजोडीनं छेडून बघायच्या. आवाज सारखा आला तर ताण सारखा. बाई म्हणतात, चाक गोल असतं हा गैरसमज आहे, त्याला गोल राहायला रोज राजी करावं लागतं. परवा मी एका चाकाचा आऊट एकटीनं काढला. चाक फिरवून बघितलं तर डोळ्यांसमोर जराही डुलत नव्हतं. बाईंनी त्या दिवशी चहा आधी मला दिला. त्यांच्याकडे हा फार मोठा मान आहे.

एक विचारायचं होतं. तुटलेल्या तारांचा आमच्याकडे डबा भरलाय. जवळजवळ सगळ्या एकाच जागी तुटतात, मधल्या हबात शिरताना तार जिथे वाकते त्या कोपऱ्यात. का? बाई म्हणतात, तार तिथेच तुटते, पहिल्यापासून तिथेच तुटते, नवी टाक. तुम्हाला काय वाटतं?

नदीच्या कवितेचं तिसरं कडवं 'काठावरच्या' या शब्दानं सुरू होतं. प्रत्येक वेळी तिथेच अडकता.

माया पातळ करू नका.
तुमची भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी, दुसऱ्यांदा त्यात बाई कितीदा येतात ते बघण्यासाठी. बाई म्हणतात, बाई म्हणतात. एकेकाळी शाळेत तुझ्या वर्गशिक्षिका वैतागून म्हणाल्या होत्या की ही मुलगी प्रत्येक उत्तराची सुरुवात 'आमचे आजोबा म्हणतात' अशी करते. तेव्हा मी तुला समज दिली होती, वरवरची. घरी येताना मिशीतल्या मिशीत हसत होतो. आता त्या दिवसांची सावली कुणा परक्या खोलीतल्या रिमांवर पडते आहे.

मीही तुला चहा आधी देत होतो. पण घरचा चहा मानाचा नसतो, हे आता कळलं.

तुझ्या तारेचं म्हणशील, तर त्यात विचारण्यासारखं काय आहे? सरळ जाणाऱ्याला कसलं दुःख? जो वळण घेतो, त्यालाच तुटावं लागतं. मला लगेच दोन ओळी सुचल्या:

वळणावरती थांब जरासा, वाटसरा रे,
सरळ चालत्या पायांना का कळती तारे?

हे तुझ्या बाईंना वाचून दाखव. बघू काय म्हणतात.

मेअखेर विसरू नकोस.

तुझ्या पहिल्या शिष्यत्वाचा हक्कदार,
आजोबा


१० मार्च

चाकवाल्या बाई यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी आपलं नाव इतक्यांदा वाचनात येतं की ओळख मागूनच आली असं समजतो. मी भिंगरीचा आजोबा.

मुलीनं आपल्याकडे मन लावून काम केलं, आपण तिला शिकवलं, याबद्दल आभारी आहे. परंतु तिच्यासाठी विद्यापीठात जागा राखलेली आहे. ती कवितेत वाढलेली मुलगी आहे. तिच्या बोटांवर मी मात्रा मोजल्या आहेत, त्या बोटांना आता ग्रीस लागलंय. माझं ती ऐकत नाही, आपलं ऐकेल. तेव्हा आपणच तिला सांगावं की हे काम तुझं नव्हे. आपल्या मनाचा मोठेपणा इतका नक्कीच असेल.

खोटं कशाला लिहू, हे पत्र मी फक्त तिच्या भल्यासाठी लिहीत नाही. मला आपला हेवा वाटतो. म्हातारपणी गुडघे दुखतात हे सगळे सांगतात. हे दुखणं कुणी सांगितलं नव्हतं.

कृपा असेल तर उत्तर द्यावं, नसेल तरी द्यावं.
आपला,
भिंगरीचा आजोबा


१९ मार्च

आजोबांना,
नमस्कार.

ती तुम्हाला आजोबाच म्हणते, म्हणून मीही. माझी पत्र लिहायची सवय गेली आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हे काम तुझं नव्हे, असं मी तिला सांगणार नाही. खोटं आहे. तिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

हेव्याचं म्हणाल तर तुम्ही उगाच एकटे जळताय. सकाळी दार उघडलं की आजोबा म्हणतात सुरू. तारा ओवताना तुमच्या कविता. दोन, चार, सहा मोजायचं तिथे ही कडवी म्हणते, आणि कडव्याच्या शेवटी तारा बरोबर भरलेल्या असतात. मला कसं वाटत असेल? तीस वर्षं मी आकड्यांनी मोजतेय. एकदा चिडून म्हटलं, इथे तोंड बंद ठेवायचं. तर गप्प बसून नुसते ओठ हलवते. तुमचं पत्र येतं त्या दिवशी चाक सैल बांधलं जातं. ते मी संध्याकाळी परत खोलते, तिला कळू न देता. आणि त्या तुमच्या वाटसराच्या ओळी तिनं भिंतीवर लावल्यात, माझ्या चाव्यांच्या वर. रोज चावी काढताना वाचाव्या लागतात.

मला मूलबाळ नाही. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली तिचं घालायची जागा मी मनात धरून ठेवलीय. तिला बोलले नाही. म्हणजे जागा तुम्ही एकट्यानंच राखलेली नाही.

एक करू या. मेअखेरपर्यंत तुम्ही विद्यापीठाचं बोलायचं नाही, मी पाटीचं बोलायचं नाही. कविता पण नको. पोरीला जरा शांतता मिळू दे. कबूल असेल तर उत्तर नका लिहू, नुसतं गप्प राहा.

चाकवाली


२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. हवा कोरडी आहे. नळाला नवा वॉशर बसवला. शेजारच्यांनी दाराला हिरवा रंग दिला, चांगला दिसतो. चष्म्याची काडी ढिली झाली होती, ती घट्ट केली. तुझी आई ठीक. मीही ठीक.

आणखी विशेष काही नाही.

आजोबा


१८ मे

ती. आजोबांस,
शि. सा. न.

तुमचं गेलं पत्र हवामान खात्यातून आल्यासारखं होतं. पहिल्यांदा वाटलं, तब्येत बिघडली. आईला फोन केला, तर ती म्हणाली की ठणठणीत आहेत, फक्त दिवसभर काहीतरी गिळल्यासारखे फिरतात. इकडे बाईंचं तेच. चहा देतात, मान फिरवतात. मी ओठ हलवले तरी काही म्हणत नाहीत. मग मी ओळखलं की तुम्ही दोघांनी मिळून काहीतरी ठरवलंय. कसं ओळखलं हे विचारू नका. दोन तारा एकदम गप्प झाल्या की माणूस चाकाकडे बघतोच.

पण बरं झालं. तुम्ही दोघं बोलत होतात तेव्हा मला तुम्हीच ऐकू यायचात. गप्प झालात, तर डब्यातल्या तारा राहिल्या. मी त्या घेऊन बसायचे. तुटलेल्या टोकाला भिंग लावलं की शिंपल्यासारख्या बारीक रेघा दिसतात, आणि कडेला एक खरखरीत तुकडा. म्हणजे तार एका झटक्यात तुटत नाही, आधीपासून हळूहळू तुटत असते. वरून दिसत नाही, छेडली तरी कळत नाही. तुमची ओळ सुंदर आहे आणि बाईंचा अनुभव खरा आहे. पण का, ते दोघांनीही सांगितलं नाही.

म्हणून मी विद्यापीठाला लिहिलं की मला जागा हवी, पण साहित्यात नको, धातूशास्त्रात. त्यांनी परीक्षा द्यायला लावली. दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून मी सुट्टी घेतली आणि देऊन आले. काल होकार आला. शाळेत माझं विज्ञान चांगलं होतं, आजोबा. तुम्ही प्रगतिपुस्तकात भाषेच्या रकान्याखाली कधी उतरलाच नाहीत.

बाईंना आज सांगितलं. त्या बराच वेळ एकच चाक फिरवत बसल्या. मग म्हणाल्या की सुट्टीत येणार असशील तर कारखान्याची चावी घेऊन जा. तुम्हाला काय म्हणायचं ते पत्रात लिहा, पण हवेचं लिहू नका.

कविता सोबत नेते आहे. तेवढ्यावरून तरी आशीर्वाद द्या.
तुमची भिंगरी


१४ सप्टेंबर

बाई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपण मागच्या पत्रात लिहिलंत की कारखाना कसा वाटतो ते येऊन बघा. येईन. माझ्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकाची एक तार गेली आहे, हे निमित्तही आहे. कुठे तुटली ते सांगायची गरज नाही.

भिंगरीचं पहिलं लांब पत्र मला आलं, तसंच आपल्यालाही आलं असेल. ती आता त्या खिडकीच्या आत आहे. मी आयुष्यभर ज्या क्षणासाठी झुरलो, तो आला, आणि मला काय वाटलं सांगू? मी पत्र उघडलं आणि मोजायला बसलो. सर म्हणतात. सर म्हणतात. प्रयोगशाळेत जाताना सर म्हणतात, परत येतानाही सर म्हणतात. नदीची कविता कुठे नाही, आपण दोघं तर कुठेच नाही. एका ठिकाणी फक्त लिहिलंय की बाईंप्रमाणेच सरांनाही रेडिओ चालत नाही. तुमच्या वाट्याला निदान तेवढं तरी आलं. मी तेही दोनदा वाचलं, आपला हेवा करत.

तिनं पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलावर डबा उपडा करून विचारलं म्हणे, तार तिथेच का तुटते. गृहस्थांनी तारा हातात घेतल्या, एक भिंगाखाली धरली आणि म्हणाले की तिसऱ्या वर्षी बोलू. बस, एवढंच. आणि पोरगी त्या माणसावर लट्टू. आपण दोघांनी तिला त्याच क्षणी उत्तर दिलं, हीच आपली चूक झाली. मी कविता दिली, तुम्ही नवी तार दिली. त्यानं काहीच दिलं नाही, आणि ती त्याच्या मागे तीन वर्षं चालायला तयार.

तेव्हा म्हणतो, मी आलो की आपण चहा घेऊ, आधी कुणाला द्यायचा हे तुम्ही ठरवा. भिंतीवरच्या त्या ओळी अजून असतील तर राहू द्या. नसतील तरी पुन्हा लावायचा आग्रह नाही. आणि दोघं मिळून त्या सरांबद्दल थोडं वाईट बोलू. हे काम एकट्यानं नीट होत नाही.

आपल्यातला हेवा आता जुना झाला, त्याला स्नेह म्हणायला हरकत नसावी.

आपला,
आजोबा