तार मिळाली

३ फेब्रु.
श्यामला पहाटे छातीत दुखायला लागलं. म्हणाला, गॅस आहे. ओवा चावला, सोडा प्याला, फेऱ्या मारल्या. मग घामाने बनियन भिजलं तेव्हा ऐकलं माझं. शेजाऱ्यांनी गाडी काढली. हार्ट अटॅकच. आता आयसीयूत आहे आणि मी बाहेर बाकावर. अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

मुक्ताला कळवायचं कसं? एकुलती एक लेक. पुण्याची आयटीतली नोकरी सोडून फर्दापूरच्या पुढं शेतावर राहते, मित्रमैत्रिणींसोबत. सगळ्यांची चूल एक, आडनावं टाकलेली, मोबाइल पत्र्याच्या डब्यात बंद. अडीअडचणीला म्हणून फर्दापूरच्या एका किराणा दुकानदाराचा नंबर दिलाय. त्याला फोन केला. निरोप पोचवतो म्हणाला. भला माणूस वाटला.

४ फेब्रु.
दुकानदाराचा फोन. "मॅडम, ताईला सांगितलं मी, बाबा लई सिरियस हायेत म्हणून. ताई हसल्या. म्हणल्या, आईला सांगा, तार मिळाली. तार कसली ओ मॅडम?"

काय सांगू त्याला.

चाळीस वर्षांपूर्वी मी घरातून निघून आले. श्याम, मी, आणखी चार जण, एक खोली. तेव्हा आम्हीही आडनावं टाकली होती. जात नको, हुंडा नको, भटजी नको. हाताने रूळ फिरवून आमच्या मासिकाचे अंक छापायचो, शाई नखांतून जायची नाही. रजिस्टर लग्न केलं तेव्हा माझ्या वडिलांची, नानांची, तार आली: फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली. पाठोपाठ दादा जीप घेऊन दारात. मी गेले नाही. नाना ठणठणीत होते, ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. पळालेल्या पोरी परत आणायची तेव्हाची ठरलेली युक्ती ती.

मुक्ता लहान असल्यापासून हा किस्सा मी करून दाखवायचे. डोक्यावर टॉवेल, रडका आवाज, छाती धरायची, फादर सीरियस... ती हसून जमिनीवर लोळायची. पाहुणे आले की, "आई, तार करून दाखव ना!"

आता घे.

५ फेब्रु.
बायपास करावी लागणार. परवा सकाळी. डॉक्टर म्हणाले, जवळचे कोण असतील त्यांना बोलावून घ्या. कोण आहे जवळचं? श्यामच्या घरच्यांनी तेव्हाच नाव टाकलं आमचं. माझ्याकडचा एक दादा उरलाय. तो अंबडहून आला, सत्तरीचा, स्वतः गाडी चालवत. मी म्हटलं, मला इथून हलता येत नाही, तू जा, मुक्ताला घेऊन ये.

जीव टांगणीला लागला असला की अक्कल गहाण पडते हेच खरं. पाठवून पाठवून कुणाला पाठवलं मी! किश्श्यातल्या जीपवाल्याला. त्यात संक्रांतीला याच दादाने तिच्यासाठी स्थळ आणलं होतं आणि मी म्हटलं होतं, एकदा बघ तरी. तेव्हा ती श्यामवरही भडकली. "तुम्ही सोडलं ती क्रांती, आणि मी सोडलं तो येडेपणा काय?"  

तरी मुक्ताने शेतावर न्यायला माळ्यावरचा छपाईचा रूळ मागितला तेव्हा श्यामने स्वतः तो रॉकेलने पुसून दिला होता. फार खूश होता त्या दिवशी.

६ फेब्रु.
दादा एकटाच परत आला. काल मुक्काम करून आज पुन्हा समजावलं म्हणे.

"चहा पाजला, भाकर वाढली. लई प्रेमानं वागली बघ. पण यायला तयार नाय. म्हणती, मामा, चाळीस वर्षांनी बी तेच व्हय? जीप बदलली फक्त."

"फोटो दाखवला नाहीस?"

"दाखवला की. नळ्या लावलेला. म्हणती, हल्ली फोटो काय कसाबी बनवता येतो. त्येच्यामुळं तर आम्ही फोन बंद केलेत."

आणि हे बोलताना दादा रडला. तिने विश्वास ठेवला नाही म्हणून नाही, मला वाटतं, त्या वेळी मीही ठेवला नव्हता म्हणून. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

राग येतोय मुक्ताचा. भयंकर राग. आणि तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, त्याचा आणखी राग.

दुपारी आत सोडलं. श्याम हळूच म्हणाला, "नको मागे लागू तिच्या. आपण तरी कुठे गेलो होतो?"

"अरे, नानांना काही झालं नव्हतं!"

"तिलाही तसंच वाटतंय ना."

हसायला गेला, धाप लागली, नर्स ओरडली. निघताना माझं बोट धरून म्हणाला, "पण आली तर बरं होईल गं." एवढं त्याने आयुष्यात काही मागितलं नाही माझ्याकडे.

मीच जाते. आत्ता. दादा इथे बसेल. रात्रीपर्यंत परत यायलाच हवं, ऑपरेशन सकाळी पहिलंच आहे.

६ फेब्रु., एसटीत
सिल्लोड गेलं. डायरी मांडीवर, गाडी हादरतेय. तिकडे श्यामला काही झालं तर? दादाला सांगितलंय, मिनिटभर हलू नकोस त्याच्यापासून.

काय बोलायचं ते जुळवतेय. तुझी शपथ म्हणावं, तर शपथा आपण मानत नाही हे मीच शिकवलंय. बाबांनी बोलावलंय म्हणावं, तर तारेतही तेच होतं. नुसतं समोर उभं राहावं, तर चेहरा कसा करू? रडले तर तिला टॉवेलवाली आई दिसणार. हुंदका तोच, छातीवरचा हात तोच, सगळं तिला पाठ आहे. नाही रडले तर म्हणेल, बघ, काहीच झालेलं नाही. खोटं इतकं हुबेहूब केलं मी की खऱ्यासाठी वेगळा चेहराच ठेवला नाही.

घाट उतरला. कंडक्टर ओरडतोय, फर्दापूरवाले पुढं या. डोळे पुसते आधी. की नको पुसू?